‘वही’ चालू ठेवायची की मिटायची? खानदेशातल्या एका हौशी ब्लॉग सॉफ्टवेअरचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या माणसांची ओळख, काही गावं आणि सॉफ्टवेअरचं नाव बदललं आहे. ज्यांच्याभोवती सगळं फिरतं त्यांना इथे नाना म्हणू आणि त्यांच्या सॉफ्टवेअरला ‘वही’. मी जळगावला संगणक शिकवतो. नानांनी मला या कामात उत्तरार्धात ओढलं आणि पुढे हे सगळं लिहून काढायला परवानगीही दिली.

नाना अमळनेरचे. दिवसा एका पेढीत हिशेबाचं काम, रात्री जेवणं झाली की संगणक. कॉम्प्युटरची पदवी वगैरे नाही. पीएचपी ही वेबसाइट बनवायची भाषा शिकले ते दुसऱ्यांचा कोड वाचून. २००९च्या सुमारास त्यांना जीपीएल (कोड कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा अशी मुभा देणाऱ्या) परवान्याखालचा एक छोटा ब्लॉग प्रोग्रॅम सापडला. मूळ लेखकाने त्याचं काम सोडून दिलं होतं. नानांनी तो उतरवून घेतला आणि मराठीच्या सोयीने त्यात फेरफार करायला लागले. यात जगावेगळं काही नव्हतं. बी२ या प्रोग्रॅमचं काम थंडावलं तेव्हा मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी तोच कोड पुढे नेला आणि २७ मे २००३ला वर्डप्रेस या ब्लॉग सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती आली. सोडलेला कोड उचलायचा आणि आपलं घोडं पुढे दामटायचं, ही मुक्त सॉफ्टवेअरमधली जुनीच रीत आहे.

मग सरळ वर्डप्रेसच का घेतलं नाही? नाना दोन कारणं देतात: तेव्हाचं तालुक्याच्या गावातलं रडतखडत चालणारं इंटरनेट आणि सगळ्यात स्वस्त होस्टिंगवर (ब्लॉग ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) मिळणारी तुटपुंजी मेमरी. मला विचाराल तर खरं कारण तिसरंच. त्यांना त्यात मजा येत होती. हौसेच्या कामाला एवढं कारण पुरतं, पण पुढचे निर्णय समजायचे तर ते लक्षात असू द्यावं.

‘वही’त मराठी महिने होते, देवनागरी आकडे होते, रोमन कळफलकावरून मराठी लिहायची चौकट होती. शोधात एक बारीक करामत होती. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत) २००८ साली आलं. त्याआधी आणि नंतरही पुष्कळ लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत. डोळ्याला दोन्ही सारखी, संगणकाला दोन निराळी. ‘वही’ दोन्ही एकच धरायची. अशा गोष्टींमुळे तोंडोतोंडी नाव झालं. शिरपूरकडच्या एक निवृत्त शिक्षिका (त्यांना सगळे बाईच म्हणतात) खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी आणि तिथल्या अहिराणी बोलीतल्या ओव्या लिहायला लागल्या. रावेरचे एक केळीवाले रोजचे भाव आणि करप्याच्या फवारणीचं वेळापत्रक टाकत. भुसावळचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी लोको शेडच्या आठवणी लिहीत. धुळ्याचं एक साहित्य मंडळ होतं. नानांना माहीत असलेले असे चाळीसेक ब्लॉग. माहीत नसलेले किती, हे सांगता येत नाही. जीपीएलमध्ये कोड उतरवून घेणाऱ्याने कळवायचं बंधन नसतं.

लिहिलेलं सगळं एकगठ्ठा बाहेर काढायची सोय मात्र ‘वही’त नव्हती. कुणी मागितली नाही, नानांनी केली नाही.

अडचण

२०२३च्या पावसाळ्यात नानांच्या होस्टिंगवाल्याचं पत्र आलं: दिवाळीपासून पीएचपी ५.६ बंद. या आवृत्तीचा अधिकृत आधार ३१ डिसेंबर २०१८लाच संपला होता. काही होस्टिंगवाले आपल्या जोरावर ती चालवत होते, एवढंच. ‘वही’चा डेटाबेसशी (लिखाण साठवणाऱ्या कोठाराशी; इथे मायएसक्यूएल) बोलणारा सगळा भाग ‘मायएसक्यूएल_’ने सुरू होणाऱ्या जुन्या फंक्शनांवर उभा होता आणि ती फंक्शनं डिसेंबर २०१५मध्ये पीएचपी ७ आलं तेव्हाच काढून टाकली गेली. म्हणजे इतकी वर्षं नाना उसन्या वेळेवर चालत होते. माहीत नव्हतं असं नाही. चालतंय ना, मग कशाला हात लावा, हे आपल्याकडे मोटारीपासून डेटाबेसपर्यंत सगळ्याला लागू आहे.

त्याच महिन्यात दुसरं झेंगट आलं. धुळ्याच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ‘वही’ बसवून पाहिली आणि त्याला एक भोक सापडलं. प्रतिक्रिया देणाऱ्याने नावाच्या चौकटीत काहीही लिहिलं तरी ‘वही’ ते जसंच्या तसं पानावर छापत होती. तिथे जावास्क्रिप्टचा (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडचा) तुकडा टाकला की तो ब्लॉगमालकाच्या ब्राउझरमध्ये, मालकाच्याच लॉगिनच्या अधिकारात चालणार. पोरगा हुशार, पण उतावळा. त्याने ही गोष्ट गिटहबवर, म्हणजे ‘वही’चा कोड जिथे ठेवला होता त्या संकेतस्थळावर, सगळ्यांना दिसेल अशी लिहिली. शिवाय ते करून दाखवण्याची कृतीही दिली.

पहिला निर्णय: भोक लपवायचं की बुजवायचं

नानांच्या मनात पहिलं आलं ते म्हणजे ती नोंद पुसून टाकावी. तसं करता आलं असतं. पण ती नोंद ज्यांच्या ज्यांच्या मेलवर जायची त्यांच्याकडे एव्हाना पोचली होती. पुसून फक्त आपल्या माणसांपासून ती लपली असती, टपलेल्यांपासून नाही. त्यांनी नोंद राहू दिली, खाली मुलाचे आभार मानले आणि कामाला लागले.

दुरुस्ती सोपी होती. पानावर काही छापायच्या आधी त्यातली कोनी कंसाची चिन्हं निरुपद्रवी करायची. कोडमध्ये अशा जागा बऱ्याच निघाल्या, पण दोन रात्रींत काम उरकलं. कठीण होतं ते लोकांपर्यंत पोचवणं. ‘वही’ स्वतःहून नवी आवृत्ती शोधत नव्हती, मालकाला कळवतही नव्हती. नानांनी जुनी डायरी काढली आणि फोन लावायला बसले. काहींच्या फाइली स्वतः बदलल्या, काहींना व्हॉट्सॲपवर फाइल धाडली. दोघातिघांचे नंबरच बदललेले. डायरीत नसलेल्यांसाठी प्रकल्पाच्या पहिल्या पानावर ठळक सूचना टाकली. शिवाय सुरक्षेचं काही सापडलं तर आधी मेलवर खासगीत कळवा, अशी दोन ओळींची फाइल कोडसोबत ठेवली. ती आधीपासून असती तर त्या विद्यार्थ्यालाही बरं पडलं असतं. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं, त्याला दुसरी वाटच दिसली नव्हती.

समोरचे पर्याय

भोक बुजलं, पण दिवाळीची मुदत तशीच उभी होती. इथे नानांनी जे केलं ते मला आवडलं. आठवडाभर कोडला हात न लावता त्यांनी फक्त पर्याय लिहून काढले.

पहिला, हात झटकायचे. कायद्याने याला आडकाठी नव्हती. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत कलम ११ आणि १२ हेच सांगतात की सॉफ्टवेअर आहे तसं दिलंय, हमी कसलीही नाही, नुकसानीची जबाबदारी नाही. घरून तर या पर्यायाला जोरदार पाठिंबा होता. ‘घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या किती दिवस भाजणार?’ हा वहिनींचा प्रश्न चुकीचा कसा म्हणणार?

दुसरा, आहे तोच कोड पीएचपी ८वर चालेल इतपत डागडुजी करायची. कंटाळवाणं काम, पण आवाक्यातलं.

तिसरा, सगळं नव्याने लिहायचं. हौशी माणसाला हाच सगळ्यात गोड वाटतो. जुना कोड वाचवत नाही, नवा लिहायला हात शिवशिवतात. पण दिवसाची नोकरी धरून दिवाळीपर्यंत हे होणार नाही, हे नानांना हिशेबाच्या माणसाला साजेसं लगेच दिसलं.

चौथा, सगळ्यांना वर्डप्रेसवर न्यायचं. यात नानांचा मान आड येत होता असं मला आधी वाटलं, पण त्यांची अडचण वेगळी होती आणि खरी होती. देवनागरी दुवा इंटरनेटवर जातो तेव्हा त्यातलं एकेक चिन्ह टक्क्याची खूण (%) लावलेल्या सांकेतिक रूपात नऊ अक्षरांचं होतं. वर्डप्रेसमध्ये दुव्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे फार तर २२ देवनागरी चिन्हं, आणि काना-मात्रा त्यात स्वतंत्र मोजायच्या. बाईंच्या ओव्यांची शीर्षकं म्हणजे अख्खी पहिली ओळ. ते दुवे लोकांनी कुठे कुठे दिलेले. ते मध्येच तुटले असते.

पाचवा, ह्यूगोसारख्या साधनाने सगळ्या ब्लॉगची स्थिर पानं करून ठेवायची. डेटाबेस नाही, पीएचपी नाही, भोक पडायला जागा नाही. पण रोजचे भाव टाकणाऱ्या केळीवाल्याला मोबाइलवरून लिहायचं असतं. त्याला टर्मिनल (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) शिकवायचं म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

नानांनी दुसरा पर्याय घेतला, मात्र त्याला एक जोड दिली. पीएचपी ८वर चालणाऱ्या आवृत्तीत ‘सगळं बाहेर काढा’ ही सोय आधी होईल, बाकीचं नंतर. दोन प्रकारे बाहेर: एक वर्डप्रेसला आयात करता येईल अशी एक्सएमएल फाइल, दुसरं साध्या एचटीएमएल पानांचं गाठोडं. ज्याला जायचंय तो जाऊ शकला पाहिजे, मग राहणाऱ्यांचं बघू. या प्रकरणात सगळ्यात मोलाचा निर्णय हाच ठरला, आणि तो कोडबद्दल कमी, लोकांना आपण काय देणं लागतो याबद्दल जास्त होता.

अक्षरांचं दुखणं

जोडणीचा कोड बदलला आणि चाचणीच्या जागेवर बाईंचा ब्लॉग उघडला. ओवीच्या जागी एक विचित्र माळ होती: डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’, मग चार काड्यांचा गोल, मग काहीतरी; पुन्हा तोच ‘ए’, मग जपानी येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी. नानांनी उत्साहाच्या भरात चाचणीचा दुवा बाईंना आधीच पाठवून ठेवला होता. त्यांचा फोन आला, ‘भाऊ, मनं लिखेल सम्दं कथा गयं?’ (माझं लिहिलेलं सगळं कुठे गेलं?) खरी जागा सुरक्षित आहे, हा फक्त तालीम-खेळ आहे, हे पटवता पटवता नानांना घाम फुटला.

झालं होतं ते असं. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. पहिला बाइट कायम एकच, दुसरा दोनपैकी एक, तिसरा बदलता. जुन्या ‘वही’चे तक्ते लॅटिन१ या युरोपीय अक्षरसंचाचे म्हणून तयार झालेले आणि डेटाबेसशी जोडणीही लॅटिन१चीच. पीएचपी मराठीचे बाइट आत ओतत होतं, डेटाबेस ते युरोपीय अक्षरं समजून ठेवत होता आणि मागितल्यावर तेच बाइट परत देत होता. जाताना चूक, येताना उलटी चूक, बेरीज शून्य. पान चौदा वर्षं चोख दिसत होतं. नव्या कोडने जोडणी यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) अशी खरी खरी सांगितली आणि डेटाबेसने प्रामाणिकपणे युरोपीय अक्षरांचं भाषांतर करून हातात ठेवलं.

यावरचा उपाय जाणकारांना ठाऊक आहे. रकाना आधी ब्लॉब, म्हणजे निव्वळ बाइटांचा, करायचा. मग तोच यूटीएफ८एमबी४चा करायचा. मधल्या पायरीत डेटाबेसला अक्षरसंचाचा विसर पडतो, त्यामुळे तो भाषांतराच्या भानगडीत पडत नाही. थेट एका अक्षरसंचातून दुसऱ्यात नेलं तर मात्र ती युरोपीय माळच कायमची पक्की होते. नानांनी प्रत्येक ब्लॉगची आधी नक्कल घेतली, नकलेवर करून पाहिलं, मग खऱ्यावर. सावकाश, पण बिनचूक.

धुळ्याच्या मंडळाला धीर धरवला नाही. त्यांच्याकडच्या एका उत्साही सभासदाने इंटरनेटवरून कुठलंसं रूपांतराचं साधन घेतलं आणि परस्पर फिरवलं. निकाल पाहून मी चक्रावलो, कारण सगळं बिघडलं नव्हतं. जळगाव, अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर धडधाकट. धुळे, भुसावळ, नंदुरबार आणि एरंडोल मात्र जखमी: ‘ध’ आणि ‘ळे’च्या मध्ये मोडका चौकोन, भुसावळचं तेच, एरंडोलचं तर पहिलं अक्षरच गायब. गावांवर एवढा राग कुणाचा?

कागद घेऊन बसल्यावर उलगडा झाला. विंडोज-१२५२ या अक्षरसंचात, जो डेटाबेसमधल्या लॅटिन१च्या मागे असतो, २५६पैकी ५ जागा रिकाम्या आहेत. डेटाबेस स्वतः त्या रिकाम्या जागांचे बाइट सांभाळून ठेवतो, पण बाहेरची बरीच साधनं तिथे प्रश्नचिन्ह टाकून मोकळी होतात. आणि त्या पाच बाइटांवर येतात कोण? ऱ्हस्व उकार, हलन्त, ‘ए’, ‘ऐ’, ‘झ’, चंद्रबिंदू आणि आणखी चार विरळ चिन्हं. धुळे, भुसावळ आणि नंदुरबारमध्ये ऱ्हस्व उकार आहे, एरंडोलची सुरुवात ‘ए’ने. जळगावात यातलं काहीच नाही. मराठीत हलन्त गेला की सगळी जोडाक्षरं गेली. मंडळाच्या बारा वर्षांच्या कवितांमध्ये एक ओळ धड राहिली नव्हती.

मंडळाकडे जुनी नक्कल होती ती वर्षभरापूर्वीची. बाकीचं दुरुस्त करणं हे नानांच्या लेखी या प्रकरणातलं सगळ्यात रंगतदार काम. त्यांनी पाहिलं की तिसरा बाइट हरवला तरी दुसरा जागेवर आहे आणि तो दोन गट पाडतो. एका गटात हरवलेलं चिन्ह बहुतेक उकार किंवा हलन्त असणार, दुसऱ्यात ‘झ’, ‘ए’, ‘ऐ’ किंवा चंद्रबिंदू. मग प्रत्येक जखमी शब्दाचे शक्य ते सगळे अवतार तयार करायचे आणि धडधाकट मजकुरात कुठला अवतार सापडतो ते बघायचं. ‘ध्ळे’ कुठेच सापडत नाही, ‘धुळे’ शेकड्याने सापडतं, निकाल लागला. पण ‘पुरती’ आणि ‘प्रती’ जखमी अवस्थेत हुबेहूब सारखे दिसतात आणि दोन्ही खरे शब्द. अशांची यादी माणसाने डोळ्याखालून घालायची.

अहिराणीत पंचाईत झाली. प्रमाण मराठीच्या शब्दयाद्या कुठेही मिळतात, पण मंडळातल्या अहिराणी कवींचे शब्द त्यात कुठून असणार? तेव्हा बाईंचा ब्लॉग कामी आला. तो नीट रूपांतरित झालेला, शिवाय वर्षानुवर्षांची अहिराणी त्यात साठलेली. त्यातून काढलेली शब्दयादी धुळ्याच्या कवितांना लावली आणि राहिलेले शब्द बाईंनी स्वतः फोनवर सांगितले. काही ठिकाणी कवीने काय लिहिलं असावं यावर त्यांचं आणि मंडळाच्या अध्यक्षांचं वाजलंही. तो भाग तांत्रिक नाही, म्हणून सोडतो.

नव्या, म्हणजे २०१४नंतर बसवलेल्या ब्लॉगांचं दुखणं निराळं. तिथे तक्ते ‘यूटीएफ८’ या नावाचे होते. मायएसक्यूएलमध्ये या नावाखाली जे मिळत होतं त्यात एका चिन्हाला तीनच बाइट मावतात. देवनागरीला ते पुरतात, इमोजीला चार लागतात. रावेरच्या केळीवाल्यांच्या काही नोंदी कोऱ्या का दिसत, हे कोडं वर्षानुवर्षं पडून होतं. ते भाव लिहिण्याआधी केळ्याचं चित्र टाकत. ढिल्या सेटिंगचा डेटाबेस अशा चिन्हापाशी अडखळायचा आणि तिथून पुढचं सगळं मुकाट्याने टाकून द्यायचा. केळ्याच्या मागे आख्खा भाव जात होता. हे परत मिळवायला काही उपाय नव्हता, कारण ते कधी साठलंच नव्हतं.

दुव्यांमधला घोळ लवकर मिटला. नव्या कोडमध्ये दुवा बनवताना ‘अक्षर किंवा अंक नसेल ते काढा’ असा नियम विद्यार्थ्याने सुचवला होता. युनिकोडच्या दृष्टीने काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नसून चिन्हं आहेत. ‘कानबाई’ची ‘कनबई’ झाली तेव्हा नियमात चिन्हांनाही जागा दिली.

मसुद्यांची गंमत

पीएचपी ८ने आणखी एक हिसका दिला. जुन्या पीएचपीत शब्दाची शून्याशी तुलना केली की बहुतेक वेळा ‘समान’ असं उत्तर यायचं. पीएचपी ८.०पासून तसं येत नाही. ‘वही’त मसुदा लपवायची अट नेमकी अशा तुलनेवर योगायोगाने चालत होती. आवृत्ती बदलताच लपलेले मसुदे उघडे पडले. भुसावळच्या काकांनी शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीवर लिहून ठेवलेला, कधीच न छापायचा असा खरमरीत लेख एक दुपारभर जगाला वाचायला मिळाला. शेजाऱ्याने वाचला की नाही कळलं नाही. काकांनी त्यानंतर मसुदे कागदावर लिहायला सुरुवात केली.

मदत आली, पण डोंगराएवढी

भोक शोधणारा विद्यार्थी आता मनापासून गुंतला होता. एके दिवशी त्याने एकाच वेळी हजारो ओळींचा बदल पाठवला: नवी चौकट, नवा संपादक, नवं रूप. कोड चांगला होता. नाना तो वाचायला बसले आणि तिसऱ्या फाइलपाशी थांबले. घेतला तर उद्या बिघाड झाल्यावर तो आपल्याला समजणार नाही. नाकारला तर एकुलता एक मदतनीस जाणार.

नानांनी तीन आठवडे उत्तरच दिलं नाही. नकारापेक्षा ही शांतता मुलाला जास्त लागली, हे त्याने मला नंतर सांगितलं. शेवटी नानांनी फोन करून सरळ सांगितलं की एवढं मोठं एकदम घेणं मला झेपणार नाही, तुकडे करून दे. तो आधी फुगून बसला. मग त्याने चाचण्यांचा भाग वेगळा काढून पाठवला. त्यात ‘कऱ्हाड’, ‘ॲप’, ‘कानबाई’ असे अवघड शब्द प्रत्येक बदलानंतर आपोआप तपासले जात. तो नानांनी दोन दिवसांत घेतला. संपादकाचा भाग घेतला नाही. त्यावर मुलाने ‘वही’ची वेगळी शाखा काढली, म्हणजे तोच कोड घेऊन स्वतंत्र सॉफ्टवेअर, वेगळ्या नावाने. जीपीएलमध्ये याला परवानगी लागत नाही, तरी त्याने विचारलं आणि नानांनी आपल्या पानावर तिचा दुवा दिला.

याच सुमाराला नंदुरबारच्या एका स्थानिक बातम्यांच्या पोर्टलवाल्याने दरमहा पैसे देऊ केले. बदल्यात जाहिरातींची सोय आणि रात्री-अपरात्री फोन उचलायची तयारी. नानांनी नाही म्हटलं. पैसे घेतले की ती दुसरी नोकरी होते, एवढंच त्यांचं म्हणणं. वहिनींचं मत विचारलं नाही.

काय निष्पन्न झालं

दिवाळीच्या आठवडाभर आधी नवी आवृत्ती निघाली. माहितीतल्या ब्लॉगांपैकी निम्म्याहून अधिक ‘वही’वरच राहिले. दहाएक वर्डप्रेसवर गेले, त्यात धुळ्याचं मंडळही. भुसावळच्या काकांनी एचटीएमएलचं गाठोडं घेतलं आणि लिहिणं थांबवलं. जुन्या आठवणी मात्र आहेत तिथे वाचता येतात. ज्यांचे नंबर लागले नाहीत ते ब्लॉग होस्टिंगवाल्याने पीएचपी ५.६ बंद केल्यावर पांढरी पानं दाखवू लागले. त्यातल्या एकाच्या मुलाने वडिलांच्या पश्चात नानांना शोधून काढलं. होस्टिंग अजून चालू असल्यामुळे डेटाबेस मिळाला आणि मजकूर सुटला. बाकीच्यांचं काय झालं ते कळायला मार्ग नाही.

प्रकल्पाच्या पहिल्या पानावर आता स्पष्ट लिहिलंय: हा हौसेचा प्रकल्प आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या होतील, नव्या सोयींचा वायदा नाही, केव्हाही सगळं बाहेर काढता येईल. हे वाचून काही नवे लोक परत फिरतात. नानांना त्याचं वाईट वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बाहेर काढायची सोय पहिल्याच वर्षी झाली असती तर धुळ्याच्या मंडळाला परस्पर उद्योग करायची वेळ आली नसती. ज्याच्या हाती आपल्या लिखाणाची ताजी नक्कल आहे, तो दुसऱ्याच्या वेळापत्रकाची वाट पाहताना एवढा उतावळा होत नाही. त्यामुळे दोष एकट्या सभासदाच्या माथी मारणं मला पटत नाही.

२०१४ साली नव्या ब्लॉगांसाठी तक्ते बदलले तेव्हाच जुन्यांचंही उरकायला हवं होतं. तेव्हा ब्लॉग थोडे होते आणि सगळे फोनवर होते. नाना यावर म्हणतात की तेव्हा त्यांना ब्लॉबची युक्ती माहीत नव्हती. मान्य, पण दोन तऱ्हेचे डेटाबेस शेजारी शेजारी चालू द्यायचा तो निर्णय नव्हता, निर्णय न घेणं होतं. नऊ वर्षांनी त्याची किंमत प्रत्येक दुरुस्तीत दुप्पट मोजावी लागली.

विद्यार्थ्याचा मोठा बदल आला त्याच दिवशी ‘पाहतोय, वेळ लागेल’ एवढी ओळ पाठवायला पुरेशी होती. शाखा कदाचित तरीही निघाली असती, आणि निघाली ते बरंच झालं असं मला वाटतं. पण तो तीन आठवडे रोज मेल उघडून बघत बसला नसता.

एक मुद्दा अजून लोंबकळतोय. कोडच्या आणि डोमेनच्या चाव्या आजही एकट्या नानांकडे आहेत. दुसरा माणूस म्हणून विद्यार्थ्याचं नाव पुढे आलं, पण त्याला पुण्यात नोकरी लागली आणि त्याची स्वतःची शाखाही आहे. माझं नाव निघालं तेव्हा मी एक अट घातली: डोमेनचं नूतनीकरण आणि नकला यांची जबाबदारी घेतो, कोडची नाही. नानांनी अजून हो म्हटलेलं नाही. डोमेनची मुदत येत्या मार्चमध्ये संपते.